पश्चिमेच्या भिंतीची खोली

पडदे शिवायला येणारी बाई हल्ली कापडाच्या आधी मोबाइल पुढं करते. त्यात कुठल्यातरी थंड गावातल्या खोलीचा फोटो असतो. राखाडी भिंत, जाड मखमली पडदे, पलंगावर चकचकीत सॅटिन. "ताई, अस्संच पाहिजे." तो फोटो मी नीट बघते, कारण त्यात तिची हौस असते. मग विचारते, तुमची खिडकी कोणत्या दिशेला? बहुतेकींना दिशा पटकन सांगता येत नाही, पण "चारला पलंगावर ऊन पडतं बघा" एवढं लगेच सांगता येतं. मला तेवढं पुरतं.

मी नांदेडला पडदे आणि गोधड्या शिवते. माहेर लातूर जिल्ह्यातलं, औशाकडचं. दोन्हीकडं उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या पुढं जातो. इथल्या झोपायच्या खोलीचा रंग आणि कापड आधी उन्हाला विचारून ठरवावं लागतं, मग पाण्याला. आवडीचा नंबर तिसरा. तरीही आवडीला भरपूर जागा उरते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या जुन्या घरात बेडरूम नव्हतीच. माळवदाचं घर. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या खणांवर मातीचा थर. दिवसा अंथरुणं घडवंचीवर रचलेली असत आणि रात्री वारा असेल तिथं बाज टाकली जाई. उन्हाळ्यात तर सगळं घर माळवदावर झोपायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं झोपलेल्या माणसांच्या अंगावर बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर आमच्या भागात डोक्यावर मातीचं ओझं कुणालाच नको झालं, आणि त्यात चूक काहीच नाही. आता घरोघरी स्लॅब आहे. पण स्लॅब आणि विटेची पातळ भिंत दिवसभर ऊन पितात आणि रात्री नऊ-दहापर्यंत ते खोलीत सोडत बसतात, म्हणजे नेमकं आपण पाठ टेकतो तेव्हा. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली असेल तर विचारूच नका.

म्हणून खोलीचा रंग ठरवायचा तर सुरुवात गच्चीवरून करावी. लोकांना याचं नवल वाटतं. भिंतीच्या आतल्या रंगानं खोली फारशी तापत नाही की थंड होत नाही. ते काम बाहेरच्या रंगाचं. पश्चिमेची बाहेरची भिंत गर्द चॉकलेटी असेल तर ती ऊन ओढून घेते, पांढरी किंवा दुधी असेल तर बरंचसं परतवून लावते. गच्चीवर उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचा घट्ट हात मारला तर खालच्या खोलीत फरक पडतो. शेजारच्या तेलंगणानं 2023 मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडं हे ज्ञान जुन्या गवंड्यांना होतंच, फक्त आता घर सजवण्याच्या बोलण्यात ते कुणी धरत नाही.

आतल्या रंगाचं काम उजेडाचं आहे. रंगाच्या कंपन्यांच्या कार्डांवर काही वेळा छटेच्या मागं एलआरव्ही म्हणून एक आकडा छापलेला असतो. पडलेल्या उजेडापैकी किती उजेड ती छटा परत देते, ते हा आकडा सांगतो. पांढऱ्याचा 80 च्या वर असतो, गर्द निळ्याचा 10 च्या आसपास. पश्चिमेच्या खोलीत दुपारभर पडदे लावून ठेवावे लागतात. अशा वेळी भिंती गर्द असल्या तर भर दिवसा दिवा लावायची पाळी येते. शिवाय संध्याकाळचं ऊन पिवळं असतं. त्यात पिवळी भिंत नारिंगी दिसते आणि पीच रंगाची भिंत तर भडकच वाटते. अशा खोलीला निळ्याची किंवा हिरव्याची किंचित झाक असलेला पांढरा मला सगळ्यात शांत वाटतो. जुन्या घरांत चुन्यात चिमूटभर नीळ टाकून भिंती रंगवत, तसा. उत्तरेची खोली असेल तर याच्या उलट. तिथला उजेड आधीच थंड असतो, तिथं फिकट हळदी, दुधी, गव्हाळ खुलतो.

दुकानातल्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली छटा कधीही पक्की करू नये. छोटा डबा आणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन रंगवावा आणि तो सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात बघावा. दिवा पिवळा आहे की पांढरा, यावरही खूप अवलंबून असतं. पिवळ्या दिव्यात निळा मळकट होतो, लाल उजळतो.

आता पडदे. ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आली. आतला पडदा मग तिला थोडीफार अडवतो एवढंच. ऊन खिडकीबाहेर अडवणं केव्हाही चांगलं. बांबूची चीक, वाळ्याची ताटी, नुसता पांढरा कापडी आडोसाही चालतो. आतल्या पडद्याला पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर लावलं की काचेकडची बाजू पांढरी राहते, ऊन परततं, आणि खोलीकडं हवा तो रंग ठेवता येतो. अस्तराचे पैसे वाचवायला लोक बघतात. माझं ऐकाल तर पडद्याचं कापड स्वस्तातलं घ्या पण अस्तर सोडू नका. एक तर त्यानं पडद्याचा रंग उडत नाही.

माप घेताना खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड धरावं, तरच चुण्या भरदार पडतात. चार फुटांच्या खिडकीला 48 इंची पन्ह्याचे दोन पडदे बरोबर बसतात. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढं काढावी, म्हणजे पडदा सारल्यावर सगळी काच मोकळी होते. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावंच, कारण ते मीटरमागं बोट-दोन बोटं आटतं. न भिजवता शिवलेला पडदा पहिल्या धुण्यात खिडकीच्या वर चढतो.

आणि कूलर. फोटोतल्या खोलीत तो कधीच नसतो, आमच्याकडं मार्च ते जून खिडकीत तोच बसलेला असतो. कूलरची हवा ओली असते, ती बाहेर जायला समोर फट लागते. तिथं जाड पडदा लोंबत असेल तर खोली दमट होते आणि गादीतला कापूसही. म्हणून एका खिडकीला दोन वेगवेगळे छोटे पडदे करावेत, कूलरच्या वर एक आणि बाजूला एक. हवा बाहेर पडते त्या खिडकीला विरळ विणीचं, वारा खेळू देणारं कापड. गादीही अधूनमधून गच्चीत उन्हाला टाकावी आणि दबली की पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा. फोमच्या गादीला हे सुख नाही.

कापडात सुताला पर्याय नाही असं मी म्हणते, त्याला कारण आहे. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घामाच्या रात्री पाठीला हा फरक कळतो. बाजारात 'कॉटन' म्हणून पॉलिस्टरच्या चादरी सर्रास खपतात. कडेचा एक धागा ओढून घरी चिमट्यात धरून पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटात चुरडली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. रंग पक्का आहे का ते बघायला पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासावा. रुमाल रंगला तर ती चादर उशीच्या अभ्र्यांनाही रंगवणार.

पक्क्या रंगाच्या सुती कापडाबद्दल आमच्या दोन जिल्ह्यांनी मान वर करून बोलावं अशी एक गोष्ट आहे. देशात राष्ट्रध्वज बनवणाऱ्या मोजक्या खादी संस्थांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रातलं कापड त्या कामाला लागतं. भारतीय मानकांतलं क्रमांक 1 चं मानक, 1951 सालचं, राष्ट्रध्वजाचंच आहे. त्यात कापडाची वीण, वजन आणि रंगाचा टिकाऊपणा सगळं ठरवून दिलेलं आहे. 2021 च्या अखेरीला नियम बदलले, पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या ध्वजांना मोकळीक मिळाली आणि हाताच्या कामावर त्याचा भार आला. मला याचं वाईट वाटतं. पडद्यासाठी कुणी कापड सुचवा म्हटलं की मी खादी भांडाराचं नाव पहिलं घेते. जाड खादी, रंगवायचीही गरज नाही, मूळचा दुधी रंगच पश्चिमेच्या खिडकीत सुंदर दिसतो, कारण ऊन तिच्या गाठीगाठींत अडकतं.

पाण्याचं म्हणत होते ते असं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत 10 डबे आणि 5 लाख लिटर पाणी होतं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं होतं. त्या दिवसांत लातूरच्या बायकांनी चादरी कशा काढल्या ते मी माहेरी बघितलंय. नवरात्राआधी नदीवर अंथरूण-पांघरूण धुवायचं, त्याला आमच्याकडं दसरा काढणं म्हणतात. दुष्काळात दसरा काढायला नदीच नसते. तेव्हापासून मी जड, एकसंध बेडकव्हर कुणालाही सुचवत नाही. पलंगावर कापड थरांत असावं. खाली साधी चादर, ती एका बादलीत निघते. वर सोलापुरी चादर, ती दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि बाजू उलटली की रंगही उलटतात. त्यामुळं एकाच चादरीत खोलीची दोन रूपं मिळतात. पायथ्याशी वाकळ. काळ्या मातीची धूळ आमच्या हवेत कायम असते, म्हणून वरचा थर बारीक चौकडीचा किंवा बुट्ट्यांचा घ्यावा, सपाट रंगावर धूळ लगेच दिसते. हिमरूची हौस असेल तर ती एखाद्या तक्क्यावर भागवावी. सूत-रेशमाचं ते कापड बादलीत घालायचं नाही.

लातूरला भावाच्या वरच्या मजल्यावरची खोली अशीच पश्चिमेची. वहिनीला ती नव्यानं करायची होती. "आक्का, सगळं नवीन घ्यायचं, जुनं एकबी नको." मी आधी ट्रंक उघडायला लावली. आत आईची इरकली लुगडी होती. एक शेवाळी, एक गर्द मोरपंखी, दोन्हींना इरकलीचा तो लाल पदर. कापड मधे विरलेलं, काठ आणि पदर शाबूत. ती पलंगावर पसरली आणि खोलीचे रंग तिथंच ठरले. शेवाळी हा मुख्य रंग, मोरपंखी त्याच्या सोबतीला, लाल अगदी थोडा.

मग त्यांची वाकळ शिवली. बाहेरून लुगड्यांचं आवरण, आत मऊ झालेल्या धोतरांचे आणि चादरींचे थर. मी कडेपासून आत शिवत जाते, चौकोनात चौकोन, धावदोऱ्यानं. काठाजवळ टाका बारीक, मधे थोडा सैल. लाल पदराची रुंद पट्टी मी मुद्दाम एकाच बाजूला घेतली, पायथ्याकडं. लाल पलंगभर पसरला असता तर संध्याकाळच्या उन्हात डोळ्यांना टोचला असता. उरलेल्या मोरपंखी काठाची पट्टी दुधी खादीच्या पडद्यांच्या खालच्या कडेला लावली, उशांचे अभ्रे साधे पांढरे ठेवले. भिंती निळीच्या झाकेच्या पांढऱ्या. वहिनी दोन दिवस काही बोलली नाही, मग शेजारणींना वर बोलावून दाखवायला लागली. घरातल्या कापडातून रंग उचलले की ते एकमेकांना धरून राहतात, हे मी अनेक खोल्यांत बघितलंय. ज्या बाईनं ती लुगडी निवडून नेसली, तिनंच ते रंग आधी जुळवलेले असतात.

वहिनीच्या पलंगामागची भिंत मोकळी होती. तिथं बंजारा कामाची पट्टी लावायचं ठरलं. किनवट, माहूर, मुखेड, कंधार या तालुक्यांत तांडे पुष्कळ. तिथल्या बायका चोळी-घागरा-ओढणीवर, म्हणजे त्यांच्या कांचळीवर, फेटियावर, टुकरीवर, आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांनी जे भरतात, त्याच्या तोडीचं काम मला दुसरीकडं दिसलं नाही. पण जुना फेटिया कापून त्याचे उशीचे अभ्रे करणारी दुकानं मला बघवत नाहीत. एका बाईच्या लग्नातलं वस्त्र असतं ते. नवीन पट्टी सांगून करून घ्यावी. लांबी-रुंदी ठरवावी, खोलीतल्या कापडाचा तुकडा सोबत न्यावा, म्हणजे काम करणारी बाई त्याच्याशी बोलणारे दोरे निवडते. पैशांत घासाघीस करू नये, हे काम डोळे खाणारं आहे. पट्टी उन्हाच्या भिंतीवर लावू नये, लाल दोरा सगळ्यात आधी उडतो. आणि कवड्यांमुळं ती जड असते, म्हणून मागं मांजरपाटाचं अस्तर घालून वर लाकडी पट्टीत अडकवावी. मागणी पावसाळ्यात द्यावी. दिवाळी झाली की तांड्यातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. वहिनीची पट्टी आषाढात सांगितली होती, ती नवरात्राच्या आधी हातात आली.