तीन पहाटा, तीन छपरं

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादकडची गावं निजली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर ही नावं सगळ्यांच्या तोंडी झाली. तीव्रता 6.2च्या आसपास, मृत्यू आठ ते दहा हजारांच्या घरात.

साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजची पाळी आली. वेळ पुन्हा पहाटेचीच, 4:31. तीव्रता 6.7, म्हणजे ऊर्जा किल्लारीच्या जवळपास साडेपाचपट. मृतांचा अधिकृत आकडा 57. नुकसान मात्र अब्जावधी डॉलरचं. महामार्गांचे पूल कोसळले, विमा कंपन्या बेजार झाल्या. श्रीमंत देशातलं नुकसान डॉलरमध्ये मांडता येतं, कारण तिथे प्रत्येक वस्तूची पावती असते. किल्लारीत ढिगाऱ्याखाली गेलेल्या गुराढोरांची, कणगीतल्या ज्वारीची पावती कुणाकडे असणार?

मृतांच्या आकड्यांतला हा फरक भिंतींनी पाडला होता. किल्लारीकडच्या माळवदाच्या घराच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन-दोन फूट जाड. पण दगड नुसते चिखलात रचलेले. वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात आत गारवा, म्हणून हे घर भलं. हादरा बसताच भिंतींचे पदर सुटले आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली. कॅलिफोर्नियातली बहुतेक घरं हलक्या लाकडी सांगाड्याची. ती हलली, तडकली, पण बरीचशी उभी राहिली.

एवढ्यावर थांबलो, तर पैसा वाचवतो असं म्हणून मोकळं होता येईल. पण बरोबर वर्षाने, 17 जानेवारी 1995 च्या पहाटे, जपानमधलं कोबे हादरलं. तीव्रता 6.9, मृत्यू 6,434. देश श्रीमंत, तरी बहुतेक माणसं जुन्या लाकडी घरांखाली चिरडली गेली. त्या घरांच्या जड कौलांखालीही मातीचा थर होता, वादळात कौलं उडू नयेत म्हणून. मृतांत निम्म्याहून अधिक वृद्ध. 1981 च्या कडक नियमांनंतर बांधलेल्या इमारती तुलनेने तगल्या. म्हणजे श्रीमंत देशातही जुन्या घरात राहणाऱ्याच्या वाट्याला वेगळीच पहाट आली.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने आणि कोबेच्या घरमालकाने डोक्यावर माती घातली ती शहाणपणानेच. एकाने ऊन-पावसासाठी, दुसऱ्याने वादळासाठी. दरवर्षी येणारं संकट माणूस स्वतः ओळखतो. पिढ्यान्‌पिढ्या न येणाऱ्या संकटाची आठवण ठेवणं हे मात्र सरकारचं काम. कॅलिफोर्नियाने 1933 च्या भूकंपानंतर शाळांच्या इमारतींसाठी कायदा केला होता. किल्लारीचा परिसर 1993 साली आपल्या देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो वरच्या पट्ट्यात गेला 2002 साली. तोवर 50 हून अधिक गावं जुनी जागा सोडून नव्याने वसली होती.