प्रल्हाद ते मायाबाजार: तेलुगू पौराणिक चित्रपटाची मराठी पाळेमुळे

तेलुगूतला पहिला पूर्ण बोलपट 'भक्त प्रह्लाद' आणि मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' हे दोन्ही ६ फेब्रुवारी १९३२ या एकाच दिवशी मुंबईत झळकले. पहिला कृष्णा सिनेमात लागला, दुसरा मॅजेस्टिकमध्ये. दोन्हींच्या कथा पुराणांतल्या, एक प्रल्हादाची आणि दुसरी हरिश्चंद्राची. 'अयोध्येचा राजा' प्रभात कंपनीने कोल्हापुरात तयार केला होता. तेलुगू चित्रपट मात्र मुंबईतच जन्माला आला. 'आलम आरा' काढणाऱ्या अर्देशीर इराणींनी तो काढला आणि त्यांच्याच पठडीत तयार झालेल्या एच. एम. रेड्डी यांनी तो दिग्दर्शित केला. आंध्रात अनेक वर्षे त्याची तारीख १५ सप्टेंबर १९३१ अशी सांगितली जात असे. सेन्सॉरचा जानेवारी १९३२ चा दाखला पुढे आल्यावर ती मागे पडली.

'भक्त प्रह्लाद'साठी नवी कथा लिहिली गेली नाही आणि नवे नटही शोधले गेले नाहीत. बळ्ळारीचे नाटककार धर्मवरम् रामकृष्णमाचार्युलु यांचे याच नावाचे नाटक सुरभी नाटक समाज रंगमंचावर करत असे. तेच नाटक त्यातल्या कलावंतांसह थोड्याच दिवसांत चित्रित झाले. प्रल्हादाची आई लीलावती झालेल्या सुरभी कमलाबाई तेलुगू पडद्याच्या पहिल्या नायिका ठरल्या. त्यानंतर काही वर्षे त्या मुंबईतच राहिल्या आणि सागर मूव्हीटोनच्या चित्रपटांतून कामे करत राहिल्या. तेलुगू पौराणिक चित्रपटाचे मूळ शोधू गेले की वाट अशी सुरभीच्या दारात येऊन थांबते, आणि त्या दारामागचे घर मराठी आहे.

सुरभी हे कडप्पा जिल्ह्यातले खेडे. १८८५ साली वनारस गोविंदराव यांनी तिथे 'कीचकवधम्' हे नाटक केले आणि गावाचेच नाव मंडळीला मिळाले. हे कुटुंब मूळचे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे. आंध्रात या खेळाला तोलुबोम्मलाट म्हणतात. अर्धपारदर्शक कातड्यावर चित्रे कोरून रंगवायची, मागे दिवा ठेवून पांढऱ्या पडद्यावर त्यांच्या सावल्या नाचवायच्या आणि तोंडाने रामायण-महाभारत गायचे, असा हा खेळ. तो करणारी आंध्रातली पुष्कळ घराणी आरे मराठा म्हणून ओळखली जातात. खेळ तेलुगूत होई, गाण्यांना रंगनाथ रामायणाचा आधार असे, पण घरात मराठीचीच एक बोली बोलली जाई. पूर्वज मराठी मुलखातून दक्षिणेत उतरले, असे ही घराणी सांगतात. शिंदे हे आडनाव त्यांच्यात आजही आढळते. तमिळनाडूतले बाहुल्यांचे खेळ करणारे मंडिगर आणि कर्नाटकातले किळ्ळेक्यात हेही मराठी वळणाची बोली बोलणारेच. महाराष्ट्रात ही कला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांनी टिकवली. नकाशावर ही ठिकाणे जोडली तर तळकोकणापासून तंजावरपर्यंत चामड्याच्या बाहुल्यांची एक पट्टी उमटते, आणि तिच्यावर बोलली जाणारी घरची भाषा बहुतेक ठिकाणी मराठीच्या कुळातली आहे.

बाहुल्यांकडून माणसांच्या नाटकाकडे वळण्याची प्रेरणाही मराठी मुलखाच्या सीमेवरूनच आली. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केल्यानंतर मराठी नाटक मंडळ्या दूरवर फिरू लागल्या. १८८० च्या सुमारास धारवाडची एक मंडळी आंध्रात येऊन गेली. तिचे खेळ पाहून राजमहेंद्रीत कंदुकुरी वीरेशलिंगम यांच्यासारख्या लेखकांनी तेलुगू नाटक रंगमंचावर आणले. मग पाचच वर्षांनी सुरभी उभी राहिली. एका बाबतीत तर ती मराठी रंगभूमीच्या पुढे होती. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध होता त्या काळात सुरभीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत होत्या. सारे कुटुंबच मंडळीत असल्याने नटी शोधायला बाहेर जायचे कारणच नव्हते. पडद्यासाठी कमलाबाई सहज मिळाल्या त्या यामुळे.

सुरभीची खरी ख्याती मात्र अभिनयापेक्षा तिच्या चमत्कृतींची. नट तारांवर उडतात, आभाळातले बाण एकमेकांवर आदळून ठिणग्या उडतात, क्षणात पडदा बदलून अरण्याचा राजवाडा होतो. या साऱ्यांचा कळस म्हणजे 'मायाबाजार' हे नाटक. त्यात घटोत्कच मांडी घालून बसतो आणि ताटातले लाडू आपोआप उडून त्याच्या तोंडात जातात. 'शशिरेखा परिणयम्' हे या कथेचे दुसरे नाव. १९३६ साली पी. व्ही. दास यांनी ती प्रथम तेलुगू पडद्यावर आणली.

ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. तिथे अभिमन्यूचा विवाह विराटकन्या उत्तरेशी होतो आणि बलरामाच्या मुलीचा कुठे उल्लेखही नाही. लोककथेत मात्र बलरामाला मुलगी आहे. तेलुगूत ती शशिरेखा, मराठीत वत्सला किंवा सुरेखा. तिचे लग्न अभिमन्यूशी लावायचे बलरामाने कबूल केलेले असते. पांडव द्यूतात सर्वस्व हरतात तेव्हा दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण याचे स्थळ पुढे येते आणि बलराम आणि त्याची पत्नी रेवती यांचे मन फिरते. श्रीमंत व्याह्यासाठी दिलेला शब्द फिरवणारे आईबाप हा विषय पुराणातला असूनही प्रत्येक गावातला आहे. कथा टिकली ती कदाचित यामुळेच.

मराठी चित्रपटाने ही कथा तेलुगूच्या बऱ्याच आधी उचलली होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्ये 'सुरेखाहरण' हा मूकपट काढला. व्ही. शांताराम पडद्यावर प्रथम दिसले ते याच चित्रपटात. पेंटर आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. म्हणजे सुरभी आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी पौराणिक दृश्याची कल्पना रंगवलेल्या पडद्यापासूनच सुरू झाली. कीचकाची कथाही दोन्हींकडे आरंभीच येते. सुरभीचे पहिले नाटक तेच, आणि पेंटरांचा पहिला मूकपट 'सैरंध्री' (१९२०) त्याच प्रसंगावरचा. मधल्या काळात खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारने बंदी घातली होती. १९४९ मध्ये दत्ता धर्माधिकारी यांनी मराठीत 'मायाबाजार' काढला. पण तोवर मराठी चित्रपटाचे लक्ष संतपट आणि सामाजिक विषयांकडे गेले होते, आणि मायाबाजाराला पडद्यावरचे खरे वैभव मिळाले ते तेलुगूत.

नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांच्या विजया प्रॉडक्शन्सचा 'मायाबाजार' २७ मार्च १९५७ रोजी प्रदर्शित झाला. तमिळ आवृत्ती मागोमाग आली. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, संवाद आणि गीते पिंगळी नागेंद्रराव यांची, संगीत घंटसालांचे. श्रीकृष्ण झाले एन. टी. रामाराव, अभिमन्यू अक्किनेनी नागेश्वरराव, शशिरेखा सावित्री आणि घटोत्कच एस. व्ही. रंगाराव. द्वारकेसाठी सुमारे ३०० छोट्या घरांची प्रतिकृती उभारली गेली. छायालेखक मार्कस बार्टली यांनी नौकाविहाराच्या गाण्यात दिवसाच्या उन्हाला चांदण्याचे रूप दिले. कृष्णधवल चित्रपटातले ते चांदणे तांत्रिक करामत म्हणून आजही अभ्यासले जाते.

चित्रपटाची मोठी चतुराई पटकथेत आहे. पांडवांच्या दैन्यावर सारी कथा उभी, पण पांडव पडद्यावर दिसतच नाहीत. त्यांची कमतरता भासत नाही, कारण कथेचा भार घटोत्कचावर आहे. कृष्णाच्या सल्ल्याने सुभद्रा आणि अभिमन्यू अरण्यात घटोत्कचाच्या आश्रमात जातात. तो शशिरेखेला झोपेतच पलंगासकट उचलून आणतो आणि तिचे रूप घेऊन स्वतः द्वारकेत राहतो. इथे सावित्रीने केलेले काम विलक्षण आहे. नाजूक नववधूच्या अंगात राक्षस शिरला आहे हे ती चालीतून आणि डोळ्यांतून दाखवते, आणि गाण्यातही मध्येच घंटसालांचा पुरुषी आवाज डोकावतो. कौरवांच्या वऱ्हाडासाठी घटोत्कचाचे चेले मायेचे नगर उभारतात. वरपक्षाचे जेवण घटोत्कच एकटाच फस्त करतो. ते 'विवाह भोजनंबू' गाणे सुरभीच्या परंपरेतूनच आलेले आणि माधवपेद्दि सत्यम् यांनी गाजवलेले. लाडू उडण्याची सुरभीची जुनी करामत इथे कॅमेऱ्याच्या युक्तीने पुन्हा साकारते.

पिंगळींनी पुराणकथेला तेलुगू घरचे रूप दिले. लग्नाच्या पंगतीची चर्चा गोंगुऱ्यावर येते आणि त्या भाजीची थोरवी पुरोहितांच्या तोंडून गायली जाते. गोंगुरा म्हणजे विदर्भातली अंबाडी. मराठी प्रेक्षकाला हा विनोद भाषांतराशिवाय कळतो. आवडती व्यक्ती दाखवणारी 'प्रियदर्शिनी' पेटी हीदेखील अशीच गंमत. शशिरेखेला तीत अभिमन्यू दिसतो आणि कृष्णाला शकुनी.

पडद्याबाहेरही हे नाते दिसते. तेलुगू आणि मराठी प्रदेशांची शिवण नांदेडपासून गडचिरोलीतल्या सिरोंचापर्यंत पसरली आहे. सिरोंचापलीकडे प्राणहिता आणि गोदावरी ओलांडली की कालेश्वरम् येते. गडचिरोलीच्या उत्तरेला भंडारा जिल्हा. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामासाठी ओळखले जाते. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार आणि रात्रभर चालणारी नाटके होतात, आणि दंडारीत पौराणिक सोंगे येतात. सोलापुरात मोठ्या संख्येने वसलेले तेलुगूभाषक पद्मशाली विणकर मार्कंडेयाला कुलपुरुष मानतात, आणि त्याच्या कथेवरही तेलुगूत चित्रपट झाले. विणकरांच्या वस्त्या, फिरत्या मंडळ्या आणि पुराणकथा यांचे या पट्ट्यातले नाते अभ्यासकांनी अजून हवे तितके हाताळलेले नाही.

'मायाबाजार'नंतरची काही वर्षे तेलुगू पौराणिक चित्रपटाची भरभराट होती. १९६३ मध्ये 'लवकुश' हा तेलुगूतला पहिला रंगीत चित्रपट आला आणि त्याच वर्षी विराटपर्वावरचा 'नर्तनशाला'. त्यात कीचक झालेले रंगाराव पुढच्या वर्षी जाकार्तातल्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात गौरवले गेले. सुरभीच्या पहिल्या नाटकातला खलनायक असा परदेशात जाऊन सन्मान मिळवून आला. कृष्ण आणि राम साकारणारे रामाराव १९८३ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. 'मायाबाजार'ची रंगीत केलेली प्रत ३० जानेवारी २०१० रोजी चित्रपटगृहांत आली. २०१३ मध्ये, भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त सीएनएन-आयबीएनने घेतलेल्या मतचाचणीत प्रेक्षकांनी याच चित्रपटाला सर्वश्रेष्ठ भारतीय चित्रपट ठरवले.

सुरभीच्या एके काळी तिशीहून अधिक मंडळ्या होत्या. त्यांतल्या मोजक्याच उरल्या. १९३७ मध्ये स्थापन झालेली श्री वेंकटेश्वर नाट्य मंडळी त्यांतली सर्वांत परिचित. नाट्यदिग्दर्शक ब. व. कारंत यांनी १९९० च्या दशकात सुरभीच्या कलावंतांसह नवी नाटके बसवली आणि तंत्रचमत्कृतींपलीकडेही त्यांच्यात नाट्यगुण आहेत हे दाखवून दिले. मंडळीचे सूत्रधार रेकंदार नागेश्वरराव ऊर्फ बाबजी यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. हैदराबादेत सुरभीचा 'मायाबाजार' अजूनही होतो, आणि लाडू अजूनही तारेवरूनच घटोत्कचाच्या तोंडात जातात.