पेटीतील गिटार
अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात बनविलेल्या काही ‘लेस पॉल’ विद्युत् गिटारींच्या दर्शनी भागावर मध्ये पिवळी व कडेला तांबडी छटा असे. हा तांबडा रंग प्रकाशात टिकाऊ नव्हता. कित्येक गिटारी त्यामुळे मधासारख्या पिवळ्या पडल्या. ज्या पेटीत बंद राहिल्या, त्यांचीच लाली उरली. म्हणून संग्राहकास न वाजविलेली गिटार अधिक मोलाची वाटते. वाद्याचे हे भाग्य म्हणावे काय, हा प्रश्न निराळा.

परंतु पेटीही निर्धोक नव्हे. थंडीतून आणलेली पेटी उबदार खोलीत लगेच उघडल्यास लाकूड व त्यावरील नायट्रोसेल्युलोजचे रोगण सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि रोगणास बारीक तडे जातात.

याहून बिकट पेच सेल्युलॉइडचा. ओरखडे टाळण्यासाठी जुन्या गिटारींवर या द्रव्याची पट्टी बसवीत. कालांतराने तिचे विघटन होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांचे आम्ल बनते. बंद पेटीत ते साचते, धातूचे भाग गंजविते आणि पट्टीचे विघटनही वाढविते. पट्टी काढावी तर गिटार ‘मूळ अवस्थेत’ राहत नाही. ठेवावी तर तीच शेजारच्या मूळ भागांचा घास घेते. म्हणून जाणते संग्राहक पेटी अधूनमधून सावलीत उघडून वारा खेळू देतात.