रविवार कुणाचा?

वसईच्या ख्रिस्ती समाजात साध्या राहणीचा विषय निघाला की बोलणं हमखास लग्नावर येतं. मांडव केवढा होता, बँड कुठून आणला, पंगती किती उठल्या. नाताळ जवळ आला की हीच चर्चा गोठ्यांच्या रोषणाईवर आणि कंदिलांवर सरकते, आणि उपवासकाळात ती प्रवचनांतही डोकावते. उधळपट्टीवर टीका करणाऱ्यांचं चुकतं असं नाही, पण त्यांच्या हातातला गज अपुरा पडतो. खर्च कमी केला की राहणी साधी झाली, हे समीकरण मला पटत नाही. काटकसरीनं जगणारी, एक रुपयाही वाया न घालवणारी आणि तरीही आठवडाभर श्वास घ्यायला फुरसत नसलेली कितीतरी घरं नायगावपासून विरारपर्यंत सापडतील. त्यांची राहणी साधी म्हणायची का? माझं म्हणणं असं की साधेपणा आधी वेळेत मोजावा, मग पैशात. ज्या घराकडे आठवड्यातला एक दिवस खरोखर स्वतःचा असतो, त्या घराला बाकीचा साधेपणा फारसा शिकवावा लागत नाही.

हा विचार बायबलच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर आहे. दहा आज्ञांपैकी विसाव्याच्या दिवसाची आज्ञा नीट वाचली तर तिच्यात भक्तीइतकाच कामकरी माणसाचा विचार दिसतो. घरधन्यानं थांबायचं आहेच, पण त्याच्याबरोबर मुलामुलींनी, दासदासींनी, गुराढोरांनी आणि गावात राहणाऱ्या परक्यानंही थांबायचं आहे. गुलामगिरीतून सुटून आलेल्या लोकांना दिलेला हा नियम आहे, हे विसरलं की रविवार म्हणजे नुसती मिस्सेची वेळ उरते. इ.स. ३२१मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवार सुट्टीचा ठरवला, तेव्हा शहरं बंद ठेवली. शेतकऱ्यांना मात्र सूट दिली, कारण पीक माणसाच्या पंचांगासाठी थांबत नाही. वाडीत राबणाऱ्या वसईकराला ही सूट लगेच समजेल.

आपल्याकडे रविवारची सुट्टी चर्चमधून आली असा सर्वसाधारण समज आहे. सरकारी कचेऱ्यांपुरता तो खराही असेल. गिरणी कामगाराला मात्र ती भांडून मिळवावी लागली. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी लावून धरली, १८९०च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली, आणि १० जून १८९०पासून गिरण्या रविवारी बंद राहू लागल्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कामगारांच्या मनात होतंच. पुढच्याच वर्षी, १८९१मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावरच्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचा हक्क मांडला. जेजुरीच्या खंडोबाचा भक्त आणि रोमचा पोप यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण दोघे एकाच दिवसासाठी बोलत होते. म्हणून फुरसत हा खात्यापित्या लोकांचा चोचला आहे, असं कुणी म्हटलं की मला आश्चर्य वाटतं. ती मागणारा माणूस दिवस उजाडायच्या आत साच्यावर उभा राहणारा होता.

जुन्या वसईत ही फुरसत वेगळी मागावी लागत नसे, कारण ती कामातच विणलेली होती. सुकेळीच घ्या. राजेळी केळं आधी पुरतं पिकू द्यायचं, मग सोलून उन्हात पसरायचं, रोज परतायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचं. असे काही दिवस गेल्यावर ते आकसून मधाच्या रंगाचं होतं आणि केळीच्याच सुक्या पानात बांधलं जातं. या कामात हात गुंततात, पण सतत नाही. बरंचसं काम ऊन करतं. आकाश झाकोळलं तर मालकाची घाई काही कामाची नसते. हीच सुकेळी कार्तिकात निर्मळच्या जत्रेत विकायला येते. ती जत्रा शंकराचार्यांच्या मंदिराची, पण तिथली गर्दी हिंदू किती आणि ख्रिस्ती किती हे कुणी मोजत बसत नाही. पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांची तऱ्हा तीच: पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी विणायला आणि डागडुजीला काढली जातात, समुद्राला आणि माणसाला एकाच वेळी उसंत मिळते. गावोगावची मराठी नाटकं, भजनी मंडळं, गोठे सजवणारी पोरं हे सगळं अशा मोकळ्या वेळेतून उगवलं. संस्कृती नावाची जी गोष्ट आपण आता महोत्सव भरवून जपू पाहतो, ती बहुतेक अशीच, कुणाला कुठे जायची घाई नव्हती म्हणून तयार झाली.

इथे कुणीही हटकेल, आणि हटकावंच. जुन्या वसईची ही फुरसत पुरुषांना होती, बायांना नव्हती. विहिरीचं पाणी, चुलीचा धूर, पहाटेच्या गाडीनं दादरला न्यायची भाजीची आणि फुलांची टोपली, हे सगळं त्यांच्या डोक्यावर होतं. वाडी विकून ज्यांनी मुलींना शिकवलं त्यांना साधेपणाचे धडे देण्याचा अधिकार कुणालाच नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. नळ, गॅस, शिक्षण आणि नोकरी यांनी जे कष्ट काढून घेतले ते परत आणावेत असं म्हणणारा माणूस एकतर अडाणी असेल किंवा त्यानं कधी हंडा उचललेला नसेल. पण हा आक्षेप इथेच थांबतो, आणि प्रश्न पुढे जातो: कष्ट गेले, मग वाचलेला वेळ कुठे गेला? २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक लोक होते. त्यातल्या नोकरदारांचं आयुष्य विरार लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेलं आहे. चर्चगेट विरारपासून सुमारे साठ किलोमीटरवर. जाण्यायेण्यात रोजचे तीन तास धरले तर सहा दिवसांचे अठरा होतात, म्हणजे कामाचे दोन पूर्ण दिवस. हंड्यापासून वाचलेला वेळ डब्याच्या दारात लटकून परत द्यावा लागतो, आणि या हिशेबात बाई पुन्हा दोनदा भरडली जाते, कारण घरी उतरल्यावर स्वयंपाक तिचाच.

दुसरीकडे, वसईची जमीन आता दुसऱ्यांची फुरसत पिकवते. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यालगत रिसॉर्ट उभे राहिले. शनिवार-रविवार मुंबईकर तिथे विसावायला येतात. येऊ देत, त्यांनाही मोकळी हवा हवीच. पण त्यांच्या पाण्यात डुंबण्याच्या वेळी खोल्या झाडणारा, भांडी घासणारा, गाड्या लावून घेणारा जो कुणी आहे, त्याचा विसाव्याचा दिवस कुठला? फुरसत विकत घ्यायची वस्तू झाली की ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी फुरसतीतून कापून द्यावी लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईचं आंदोलन उभारलं, तेव्हा अनेकांना ते नुसतं झाडांचं आणि पाण्याचं आंदोलन वाटलं. पुढे २०२०मध्ये हेच दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एक धर्मगुरू तिथे कसा, असा गदारोळही झाला. मला त्यांचं काम एकसंध दिसतं. बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बुजवलं की पाणी जातं, पाण्यामागून वाडी जाते, आणि वाडीबरोबर गावातल्या माणसाचा स्वतःच्या दिवसावरचा ताबा जातो. मग तो पहाटेच्या गाडीला उभा राहतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निसर्गाबद्दल बोलता बोलता रविवारच्या विश्रांतीचा विषय घेतला, तो याच जोडणीमुळे.

तर मग लग्नाच्या मांडवाचं काय? मला स्वतःला बँड आवडतो, आणि सणाला खर्च होऊच नये या मताचा मी नाही. काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला आणि तोही थोडाथोडका नव्हे. त्या यजमानाला काटकसरीचा उपदेश केल्याची नोंद नाही. पूर्वीच्या लग्नातही दिवसचे दिवस जात, पण मांडव शेजारी घालत, मसाला बाया मिळून कांडत, आणि वाढणारे हात पंगतीतच बसलेल्या घरांतले असत. राबणारा आणि जेवणारा एकच होता. आज कंत्राट दिलं जातं. कंत्राटात वाईट काही नाही. शेजारी कामावर असतात, कुणी यायचं? पण सुट्टी म्हणून बहुतेक समारंभ रविवारी ठरतात, आणि वाढपी, आचारी, मंडपवाले, ड्रायव्हर यांचा रविवार आपल्या आनंदात खर्ची पडतो. नर्सची, पोलिसाची, मोटरमनची गोष्ट निराळी. येशूनं विसाव्याच्या दिवशीच रोगी बरे केले, तेव्हा गरजेच्या कामाला कुणाची हरकत नसावी. चारशे ताटं रविवारी दुपारीच वाढली जावीत, ही मात्र गरज नव्हे. यावर कुणी म्हणेल की वाढणाऱ्या मुलांना रविवारीच चार पैसे मिळतात, ते का बुडवता? बुडवायचे नाहीत. मिस्सेच्या हिशेबात रविवार शनिवारच्या संध्याकाळीच सुरू होतो. लग्न तेव्हा लावता येतं, पैसे तितकेच देता येतात, आणि रात्री उशिरा भांडी घासून घरी गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपू शकतो. त्या मुलांतले बरेच ख्रिस्ती नसतात. त्यानं काही फरक पडत नाही. आज्ञेत परक्याचं नाव आधीच घातलेलं आहे.