पाच स्वरांचा मुलूख

कार्तिकातल्या एका सायंकाळी तात्यापाऱ्यातील आमच्या अंगणात सुवा गाणाऱ्या बायकांनी मातीचा राघू ठेवलेली धानाची टोपली मधोमध उतरवली, तिच्याभोवती रिंगण धरले, आणि कोणत्याही वाद्यावाचून, केवळ टाळ्यांच्या ठेक्यावर, निम्म्या जणींनी ओळ म्हणावी व उरलेल्यांनी ती झेलावी या आपल्या पिढीजात वहिवाटीप्रमाणे गाणे सुरू केले. दिवाळीच्या सुमारास रायपुरात हे दृश्य नवे नव्हे. परंतु त्या दिवशी ओसरीवर पेटी उघडी होती, म्हणून मी सहज त्यांचा षड्ज शोधून ती चाल हलक्या हाताने वाजवू लागलो, तेव्हा असे ध्यानात आले की काळी तीन हा त्यांचा षड्ज असून सबंध गीतात माझे बोट एकदाही पांढऱ्या पट्टीवर उतरलेले नाही. सा, रे, ग, प, आणि मधूनच वर जाऊन शिवलेला धैवत. आमच्या बैठकींत ज्याला भूप म्हणतात, त्याचे सारे भांडवल एवढेच.

पाच स्वरांच्या रागाला आपले शास्त्र औडव म्हणते, आणि या संज्ञेची जी व्युत्पत्ती शार्ङ्गदेवाने यादवांच्या देवगिरीत, तेराव्या शतकात, ‘संगीतरत्नाकरा’त नोंदवून ठेवली, ती मला फार प्रिय आहे. उडू म्हणजे नक्षत्र. नक्षत्रे ज्यातून संचार करतात ते आकाश. आणि आकाश हे महाभूतांपैकी पाचवे, म्हणून पाचांच्या समूहाला त्याचे नाव. असे असता शिकवणीच्या पहिल्याच दिवशी मुलाला ‘भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य’ असे सांगितले जाते, आणि सातांतून दोन वजा जाता उरलेली ही शिल्लक आहे, अशी समजूत त्याच्या मनात कायमची घर करते.

ही समजूत दूर करण्यास पेटीइतका चांगला गुरू नाही. काळी तीन षड्ज मानून पाचही काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवाव्या; भूप ऐकू येईल. आता पट्ट्या त्याच ठेवून षड्ज तेवढा काळी चारवर न्यावा, की मधमाद सारंगाचे ऊन पडते; काळी पाचवर न्यावा, की त्याच पट्ट्यांतून कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद उमटतात आणि मध्यरात्रीचा धीरगंभीर मालकंस समोर उभा राहतो; काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. यालाच जुने ग्रंथकार मूर्च्छना म्हणत. एकही स्वर न बदलता, केवळ बसण्याची जागा बदलल्याने पाच निरनिराळी जगे निर्माण व्हावीत, हा चमत्कार मी शेकडो वेळा करून पाहिला आहे, आणि काळी पाचपाशी आलो की अजूनही हात क्षणभर थांबतो.

हेच पाच का, याचे एक उत्तर षड्ज-पंचम भावात आहे. तारेचे दोन तृतीयांश धरले की षड्जाचा पंचम मिळतो. पंचमाचा पंचम ऋषभ, त्याचा धैवत, त्याचा गंधार. आणि येथे थांबले तर कोणतेही दोन स्वर एकमेकांना खेटून बसत नाहीत. पुढचे पाऊल टाकताच निषाद येतो आणि तार षड्जाच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहतो. सुमारे २१०० वर्षांपूर्वी चीनचा इतिहासकार सिमा छ्यान याने हाच हिशेब ८१, ५४, ७२, ४८, ६४ अशा लांबींत मांडला होता. लांबीचा एक तृतीयांश कधी वजा, कधी अधिक करीत गेले की गोंग, शांग, ज्युए, झी, यू हे त्यांचे पाच स्वर मिळतात, आणि ते आपल्या भूपाचेच होत. स्कॉटलंडचे ‘ऑल्ड लँग साइन’ याच पाचांत फिरते, आणि त्या चालीवर रवींद्रनाथांनी बंगालीत गीत रचले, तेव्हा तिला परकेपणा जाणवला नाही. मात्र सर्वत्र एकच पंचक आहे असे समजू नये. जपानच्या एका प्रसिद्ध पंचकात आमच्या गुणकलीचे कोमल ऋषभ-धैवत आहेत, तर जावा बेटावरील स्लेंद्रो सप्तकाचे जवळजवळ सारखे पाच भाग करते, जे आमच्या पेटीच्या कोणत्याच पट्टीवर सापडणार नाहीत.

बिंबाजी भोसल्यांनी १७५८ साली रतनपुरास कारभार हाती घेतला तेव्हापासून या मुलखाशी जडलेल्या आम्हा मराठी मंडळींना दप्तराची सवय जुनी, आणि पंडित भातखंड्यांनी रागांची जी दहा थाटांत जमाबंदी केली तिचे मोल मी कमी लेखीत नाही. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे १९५६ साली स्थापन झालेल्या खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते, याचा आम्हाला अभिमानच आहे. तथापि याच दप्तरात भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात नोंदलेला आहे, आणि दोघांचे स्वर तर तेच पाच! गंधारावर विसावला तो रात्रीचा भूप, धैवतावर विसावला तो सकाळचा देशकार. थाट ठरवणारा मध्यम दोघांतही नाहीच. सात खणांच्या कपाटात पाच स्वरांचा राग ठेवताना ही अडचण यावयाचीच.

कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला गेले, आणि गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत कानी पडणारी माळव्याची लोकगीते ऐकता ऐकता रागाचे मूळ लोकधुनेत आहे या निर्णयाला आले. हंगेरीत बार्टोक आणि कोदाय यांनी शेतकऱ्यांची गाणी गोळा केली, तेव्हा त्यांच्या सर्वांत जुन्या थरात त्यांनाही पाचच स्वर आढळले. यावरून मला तरी असेच वाटते, की पाच हे मूळ घर होते आणि उरलेले दोन पाहुणे म्हणून आले. ज्यांनी कधी मध्यम घेतलाच नाही, त्यांनी तो वर्ज्य केला असे कसे म्हणावे?

गाणे संपले, टोपलीत तांदूळ आणि पैसे पडले, राघू उचलून बायका पुढच्या दाराकडे वळल्या. मी खर्ज काळी पाचचा धरून त्यांचीच चाल पुन्हा वाजवली. पट्ट्या त्याच असूनही मालकंसाची छाया अशी दाटून आली की स्वयंपाकघरातून मंडळी दारापर्यंत आली. मग खर्ज पुन्हा काळी तीनवर आणला, तेव्हा दोन घरे पलीकडून टाळ्यांचा आवाज येऊ लागला होता.