रक्तदाब वाढलेला, तरी उठताच अंधारी का?

रक्तदाबाची गोळी नियमित घेणाऱ्या वृद्धांना पहाटे खाटेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते, हे अनेक घरांत दिसते. माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेतील धमन्यांच्या भिंतीत असलेल्या, दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंना त्यामुळे घटलेला दाब जाणवतो आणि काही क्षणांत हृदयाची गती वाढून रक्तवाहिन्या आवळतात. उन्हाने कडक झालेल्या रबरी नळीप्रमाणे वयपरत्वे धमन्या ताठरल्या, की वरचा दाब, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, चढतो, आणि त्याच ताठर भिंतीतील तंतूंचा प्रतिसाद मंदावतो. त्यामुळे चढा दाब आणि उभे राहताच घसरणारा दाब एकाच देहात नांदतात. जुन्या मधुमेहाने चेतातंतू दुखावले असतील, प्रोस्टेटचे औषध चालू असेल, किंवा भंडाऱ्याच्या मे महिन्यातील उन्हात घाम जात असताना लघवी वाढवणारी गोळी पोटात असेल, तर घसरण अधिकच.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात भंडारा जिल्हा होता, आणि ठरावीक क्रमाने औषधे देण्याची त्याची पद्धत मोलाचीच आहे. तरीही अनेक व्याधी असलेल्या वृद्धाचा दाब आधी बसवून वा निजवून, मग उभे राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजणे अगत्याचे ठरते. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरल्यास डॉक्टर सर्व औषधे तपासून मात्रा, वेळ किंवा औषध बदलतात. गोळी परस्पर बंद केल्यास मात्र पक्षाघाताचा धोका वाढतो.