करारावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा : अमेरिकन फुटबॉलच्या मार्च महिन्यातून आपण काय घ्यायचं?



परवाच्या व्हिडिओत मी अमेरिकन फुटबॉलचा एक किस्सा सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. वेळ संपली होती हे खरं, पण मुळात तो विषय तीन मिनिटांत बसणारा नव्हताच. म्हणून आज निवांत लिहून काढते आहे. तुम्ही नुकताच धंदा सुरू केला असेल किंवा करायच्या विचारात असाल आणि एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचा करार समोर आला असेल, तर सही करायच्या आधी हे वाचा.

आधी एक खुलासा. हा मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल नाही. डोक्याला हेल्मेट, खांद्याला पॅड आणि हातात दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, तो खेळ. त्यांच्या व्यावसायिक लीगचं नाव एनएफएल. ३२ संघ. सप्टेंबरला हंगाम सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोलने संपतो. पुढचे सहा-सात महिने एकही खरा सामना नाही. पण बातम्या थांबतात का? छे! उलट तेव्हाच ऊत येतो. कुणाचा करार संपतोय, कोण कुठे जाणार, किती मागणार, संघ किती देणार. मार्चच्या मध्यावर लीगचं नवं वर्ष सुरू होतं. त्याच्या आधीचे दोन दिवस संघांना दुसऱ्यांच्या, करार संपत आलेल्या खेळाडूंच्या एजंटांशी अधिकृतपणे बोलायची मुभा असते. तिथले लोक या दोन दिवसांना गमतीने ‘कायदेशीर लुडबुड’ म्हणतात.

हा बाजार पूर्वी असा नव्हता. करार संपला तरी जुन्या संघाची पकड सुटत नसे. खेळाडू कोर्टात गेले, १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९९३ पासून करार संपलेला खेळाडू ‘फ्री एजंट’ म्हणून कुठेही जाऊ लागला. त्या पहिल्याच वर्षी रेगी व्हाइट नावाचा दिग्गज ग्रीन बे संघाकडे गेला, ४ वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर. मालकांनी बदल्यात काय मिळवलं? संघाच्या एकूण पगारावर मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. मालक कितीही श्रीमंत असो, ५३ जणांचा संघ याच पैशांत बसवायचा. म्हणजे गल्ला ठरलेला आणि खर्चाला तोंडं अनेक. ओळखीचं वाटतंय ना?

‘पर्यंत’ हा शब्द

आता मुद्द्यावर येते. मार्चमध्ये बातमी येते, ‘६ वर्षं, १२ कोटी ६० लाख डॉलर’. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन केपरनिकच्या कराराची बातमी अशीच होती. वाचणाऱ्याला वाटतं, पोरगा सात पिढ्यांचं कमावून बसला. पण सही करताना पूर्ण हमी किती रकमेची होती? सुमारे १ कोटी ३० लाखांची. बाकीचे पैसे पुढच्या वर्षी संघाने ठेवलं तर, त्याच्या पुढच्या वर्षी ठेवलं तर, असे होते. एनएफएलमध्ये संघ खेळाडूला मधेच सोडू शकतो आणि हमी नसलेला पगार तिथेच थांबतो. सहा वर्षांच्या करारातून तो तीन हंगामांनंतर, २०१७ मध्ये बाहेर पडला. १२ कोटी ६० लाख हा आकडा फक्त मथळ्यात राहिला.

बातमीत मोठाच आकडा का येतो? कारण बऱ्याचदा ती एजंटाच्या बाजूने बाहेर येते. एजंटाला कमिशन जास्तीत जास्त ३ टक्के मिळतं, पण त्याची खरी कमाई म्हणजे नाव. ‘याने इतक्याचा करार करून दिला’ असं झालं की पुढचे खेळाडू त्याच्याकडे येतात. हमीचा तपशील मागाहून हळूच येतो, तोवर लोक पुढच्या बातमीवर गेलेले असतात.

मी यावर इतका वेळ का घालवते आहे? कारण मी स्वतः यात पोळले आहे. ट्रेनिंगमध्ये येण्याआधी माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट होतं. एका मोठ्या कंपनीने वर्षभराचा रेट ठरवून दिला. कागदावर लिहिलं होतं, ‘अंदाजे वार्षिक गरज १२ लाख रुपयांपर्यंत’. मी ‘१२ लाख’ वाचलं. ‘अंदाजे’ आणि ‘पर्यंत’ हे दोन शब्द डोळ्यांसमोर असून वाचले नाहीत. त्या कागदाच्या जोरावर कर्ज काढून मशीन घेतलं. वर्षभरात प्रत्यक्ष ऑर्डर आली पावणेदोन लाखांची. कंपनीने फसवलं का? नाही हो. कमीत कमी किती घेणार हे त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता जात होता.

कमी वर्षं, पण पक्की

आता याच्या उलट टोकाचा माणूस बघा. कर्क कझिन्स. जागा क्वार्टरबॅकची, म्हणजे संघाचा खेळ ज्याच्या हातून सुरू होतो तो. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला चौथ्या फेरीत घेतलं, आणि त्याच वर्षी त्याच जागेसाठी पहिल्या फेरीत दुसऱ्याच एकाला घेतलं होतं. म्हणजे हा राखीव. पुढे तो मुख्य खेळाडू झाला आणि करार संपत आला, तेव्हा संघाने ‘फ्रँचायझी टॅग’ लावला. ही तिथली वेगळी भानगड आहे. संघाला वर्षाला एका खेळाडूला आणखी एक वर्ष अडवून ठेवता येतं. पण फुकट नाही. त्या जागेवरच्या सर्वांत महाग पगारांच्या सरासरीच्या हिशोबाने, किंवा त्याच्या आधीच्या पगारापेक्षा २० टक्के जास्त, यातली मोठी रक्कम द्यावी लागते, आणि खेळाडूने सही केली की ती पूर्ण हमीची.

बरेच खेळाडू टॅगवर चिडतात, कारण लांबचा करार हातून जातो. कझिन्सने शांतपणे सही केली. २०१६ मध्ये जवळपास २ कोटी डॉलर, २०१७ मध्ये जवळपास २ कोटी ४० लाख. तिसऱ्यांदा टॅग लावायचा तर संघाला सुमारे साडेतीन कोटी मोजावे लागले असते. संघाने नाद सोडला. २०१८ च्या मार्चमध्ये तो मिनेसोटाला गेला, ३ वर्षं, ८ कोटी ४० लाख, आणि सगळेच्या सगळे हमीचे. त्या काळी एवढ्या मोठ्या करारात हे जवळजवळ न ऐकलेलं होतं. मथळ्यात त्याच्यापेक्षा मोठे आकडे बरेच होते. पण ते ‘पर्यंत’वाले.

तीनच वर्षांचा करार असल्याने तो लवकर पुन्हा बोलणीच्या टेबलावर आला. २०२० मध्ये वाढ, २०२२ मध्ये पुन्हा वाढ. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टाचेची मोठी शीर तुटली, हंगाम संपला. तरी २०२४ च्या मार्चमध्ये अटलांटाने ४ वर्षांचा करार दिला, मथळा १८ कोटींचा, हमी १० कोटींची. आणि पुढच्याच महिन्यात त्याच संघाने त्याच्याच जागेसाठी पहिल्या फेरीत एक तरुण पोरगा निवडला! डिसेंबरपर्यंत कझिन्स बाकावर. जागा गेली, हमीचे पैसे राहिले. तो लीगमधला सर्वोत्तम क्वार्टरबॅक कधीच मानला गेला नाही. पण करार कसा वाचावा हे मला विचाराल तर मी त्याचंच नाव घेईन.

आपल्या भाषेत हमी म्हणजे काय? ॲडव्हान्स. किमान ऑर्डर. ऑर्डर रद्द झाली तर कच्च्या मालाचे पैसे कोण देणार ते लिहिलेलं कलम. आणि पैसे किती दिवसांत येणार ती तारीख. यातल्या शेवटच्या गोष्टीत कायदा तुमच्या बाजूने आहे, पण अनेकांना ते माहीतच नसतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कितीही ठरवलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. करारात ‘९० दिवस’ लिहिलेलं असलं तरी हे लागू होतं. पण त्यासाठी उद्यम नोंदणी आधी केलेली हवी. माल देऊन झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

एकाला मिळाला म्हणून तो बाजारभाव नाही

२०२२ च्या मार्चमध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला ५ वर्षांचे २३ कोटी डॉलर दिले, सगळे हमीचे. लीग हादरली. पुढचा प्रत्येक क्वार्टरबॅक आता हेच मागणार, अशी चर्चा वर्षभर चालली. बाल्टिमोरचा लमार जॅक्सन तेव्हा करार संपायच्या वाटेवर होता. त्याने एजंट ठेवलेला नव्हता, स्वतःच बोलणी करत होता. २०२३ मध्ये संघाने त्याला टॅग लावला, पण असा की दुसऱ्या संघांना त्याच्यापुढे करार ठेवता येईल. बदल्यात त्यांनी पहिल्या फेरीच्या दोन निवडी द्यायच्या. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकदा निवडला गेलेला माणूस बाजारात उभा, आणि कुणीही करार लिहून दिला नाही. इतर मालकांना क्लीव्हलँडचा भाव पुन्हा मोजायचाच नव्हता.

एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाने आपल्या क्वार्टरबॅकला ५ वर्षांचे २५ कोटी ५० लाख दिले आणि गाडी हलली. काही दिवसांतच जॅक्सनचं बाल्टिमोरशी जमलं. २६ कोटी, त्यातली हमी १८ कोटी ५० लाखांची. पूर्ण हमी नाही मिळाली, पण वर्षाच्या सरासरी आकड्यात तो सगळ्यांच्या पुढे गेला.

तुमच्या धंद्यात हे रोज होतं. ‘अमक्याने एका लग्नाच्या केटरिंगला ताटामागे बाराशे घेतले’ असं ऐकू येतं आणि आपण आपलं कोटेशन वाढवतो. ते गिऱ्हाईक कोण होतं, किती घाईत होतं, त्यात काय काय धरलं होतं, हे कोण सांगतं? भाव ठरवताना एका ऐकीव आकड्यापेक्षा अलीकडे खरोखर झालेले तीन-चार सौदे बघा.

तुम्ही देणाऱ्या बाजूला असाल तेव्हा

डेन्व्हर संघाची गोष्ट ज्यांना दुकान भाड्याने घ्यायचंय त्यांनी नीट वाचावी. २०२२ मध्ये त्यांनी रसेल विल्सनला आणलं. त्याच्या जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती. तरी त्याने डेन्व्हरसाठी एकही सामना खेळायच्या आधी त्यांनी आणखी ५ वर्षांचा, सुमारे २४ कोटी डॉलरचा करार जोडला. घाई कशाची होती? आपला निर्णय बरोबरच आहे हे जगाला दाखवायची, दुसरं मला काही दिसत नाही. दोन हंगामांत बिनसलं. २०२४ च्या मार्चमध्ये त्याला सोडलं, तेव्हा संघाच्या पगारमर्यादेत ८ कोटी ५० लाख डॉलरचा ‘डेड मनी’ बसला, दोन वर्षांत विभागून. तोवरचा विक्रम. विल्सन पिट्सबर्गकडून १२ लाख १० हजार डॉलरच्या किमान पगारावर खेळू लागला आणि त्याच्या त्या वर्षीच्या ३ कोटी ९० लाखांतली उरलेली रक्कम डेन्व्हर देत होतं!

डेड मनी म्हणजे गाळा सोडला तरी लॉक-इनचं भाडं चालू. ३६ महिन्यांच्या लॉक-इनवर सही करताना आपण दुकान चालेल याच हिशोबाने बघतो. सातव्या महिन्यात बंद करायची वेळ आली तर खिशातून किती जाईल, हे गणित त्याच कागदाच्या मागे मांडून बघा. आकडा पेलवत नसेल तर लॉक-इन ११ महिन्यांवर आणायला सांगा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. डेन्व्हर सावरलं, बरं का. त्याच वर्षी त्यांनी नवा, स्वस्त करारावरचा क्वार्टरबॅक निवडला आणि प्लेऑफपर्यंत पोहोचले. त्यांच्यामागे अब्जाधीश मालक आहेत, ही गोष्ट वेगळी.

अडून बसण्याबद्दल थोडंच सांगते, कारण याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पिट्सबर्गच्या लेव्हियॉन बेलने २०१८ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाखांचा टॅग नाकारला आणि अख्खा हंगाम घरी बसला. त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरने ९७३ यार्ड धाव काढली आणि लीगच्या निवडक संघात गेला. बेलला पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जेट्सने ४ वर्षांचे ५ कोटी २५ लाख दिले, पण दुसऱ्याच हंगामात सोडून दिलं. त्याच्या खेळात शरीर लवकर झिजतं, त्यामुळे हमी मागण्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण घरी बसलेल्या वर्षाचे पैसे परत आले नाहीत, हेही खरं.

आता तुमच्याकडे जो करार, ऑर्डर किंवा कोटेशन आहे ते काढा आणि पेन्सिलने दोन आकडे लिहा. एक, कागदावर मोठ्या अक्षरांत छापलेला. दुसरा, समोरच्याने उद्या हात वर केले तरी तुम्हाला मिळणारच असा. कर्ज, मशीन, नवा माणूस, जे काही ठरवायचं ते दुसऱ्या आकड्यावर ठरवा. दुसरा आकडा शून्य आला तर सहीच्या आधी फोन करा आणि निदान ३० टक्के ॲडव्हान्स मागा. तो फोन कसा करायचा, काय शब्द वापरायचे, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवते.